तंटामुक्त बीजभाषण

धर्मराज घरतांना त्यांच्या मुलीने दोनच कामं सांगितली होती. पाहुण्यांना गाडीतून आणायचं आणि वाटेत गप्प बसायचं. यातलं पहिलं काम कोणालाही जमलं असतं. दुसरं काम या माणसाला सांगण्यात अर्थ नव्हता, असं नंतर पुष्कळ जण म्हणाले, पण नंतर काय, सगळेच शहाणे असतात.

निशा पनवेलच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवायची. प्रोग्रॅमिंग आणि डेटा सायन्सची देशपातळीवरची परिषद भरवायची, हा एकच ध्यास तिने वर्षभर घेतला होता. प्राचार्य म्हणाले होते, "मॅडम, पनवेलला लोक एक्सप्रेस वेवर चढायला येतात, परिषदेला कोण येतंय?" तरी त्यांनी परवानगी दिली. कॉलेजात डेटा सायन्सचा नवा विभाग निघणार होता आणि संस्थाचालकांना विभागप्रमुख बाहेरून आणायचा होता. प्राचार्यांच्या मनात निशा होती, पण नुसतं मनात असून भागत नाही. परिषद गाजली तर तिचं नाव पुढे करता येईल आणि फसली तर तोंड उघडायला जागा राहणार नाही, असं त्यांनी तिला स्वच्छ सांगितलं होतं. गेले तीन आठवडे निशा घरात जेवायची कमी आणि फोनवर जास्त असायची.

बीजभाषणाला तिने दोन बडी माणसं मिळवली होती, डॉ. आशालता रेगे आणि डॉ. दिनानाथ प्रधान. ही दोन नावं एका पत्रिकेवर छापणं म्हणजे दोन रुसलेले व्याही एका मांडवात आणण्यासारखं होतं. दोघं एकेकाळी पुण्यात एकत्र काम करायचे. मग काहीतरी बिनसलं. रेगेबाई पायथन नावाच्या भाषेकडे गेल्या आणि प्रधानसाहेब आर नावाच्या. कम्प्युटरशी बोलायच्या या दोन भाषा, आणि त्या बोलणारे आपसात बोलत नाहीत. या दोघांनी तर पंधरा-सोळा वर्षांत एकमेकांना नमस्कारही केला नव्हता.

"बाबा, नीट ऐका," निशा म्हणाली. "रेगे मॅडम खारघरच्या हॉटेलात आहेत. त्यांना तुम्ही सकाळी आणायचं. त्यांचं भाषण झालं की त्या जातील. प्रधान सर वाशीला आहेत. त्यांना परेशदादा दुपारी आणेल. ते दोघं समोरासमोर येता कामा नयेत. आले, तर एक जण नक्की उठून जाईल आणि माझी परिषद संपली."

"भांडन काय हाय त्यांचं?" धर्मराजांनी विचारलं.

"ते तुम्हाला कशाला हवंय?"

हा प्रश्न निशाने विचारायला नको होता. कारण धर्मराज घरत हे कामोठ्याच्या जुन्या गावातल्या तंटामुक्त समितीचे अध्यक्ष होते. बांधाचे तंटे, नळाचे तंटे, गणपतीच्या मिरवणुकीत पुढे कोणाचा बँजो वाजणार याचे तंटे, असे सगळे त्यांनी ओटीवर बसून मिटवले होते. एका प्रकरणात तर कोंबडा कोणाचा हे ठरेपर्यंत कोंबडा म्हातारा होऊन मेला, तरी निकाल लागलाच. पण अलीकडे समितीला वाईट दिवस आले होते. गावाभोवती नव्या इमारतींचे सेक्टर उठले, जमिनीला भाव आले आणि तंटे एवढे मोठे झाले की ते थेट वकिलांकडे जाऊ लागले. गेल्या वर्षात समितीपुढे एकच अर्ज आला होता, तोही पत्ता चुकून. धर्मराज रोज संध्याकाळी इस्त्रीचा पांढरा सदरा घालून ओटीवर बसत आणि सेक्टरातले लोक त्यांना भाड्याने खोली आहे का म्हणून विचारत. अशा माणसासमोर कोणी पंधरा वर्षं मुरलेला तंटा आणून ठेवला आणि वर म्हटलं की गप्प बसा, तर तो कसा बसेल?

त्यांनी पत्नीला, शांतीबाईंना विश्वासात घेतलं. शांतीबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "लग्न मोडलेलं काय त्यांचं?"

"नाय गो. कम्प्युटरवरून हाय."

"कम्प्युटरवरून कोन पंधरा वरसं रुसतंय?" शांतीबाई म्हणाल्या. "लग्नच मोडलेलं असनार."

मग समितीचे उरलेले सभासद बोलावले गेले. रेती-विटांचा धंदा करणारे रामूशेट, आणि माजी सरपंच सत्यवतीबाई. रामूशेटांचं मत पडलं की दोघांना एका खोलीत घालून बाहेरून कडी लावावी. सत्यवतीबाईंना हे नियमात बसत नव्हतं. सत्यवतीबाईंना तसं काहीच नियमात बसत नसे, सरपंच असतानाही त्यांनी स्वतःच्याच दोन ठरावांना हरकत घेतली होती.

"आपल्या समितीला गावाभायेरचा तंटा घेता येत नाय," त्या म्हणाल्या. "आनि अर्ज कुटं हाय? अर्जदार कोन?"

अर्जदार रामूशेट झाले. तंट्याशी त्यांचा काय संबंध, यावर थोडा वाद झाला. त्यांचा पुतण्या कम्प्युटर शिकतो आणि या भांडणामुळे त्याच्या अभ्यासावर परिणाम होतो, असं ठरलं. पुतण्याच्या अभ्यासावर आजवर कशाचाही परिणाम झाला नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गावाबाहेरचा मुद्दा धर्मराजांनी सोडवला. ज्याने गावात भाकरी खाल्ली तो त्या दिवसापुरता गावचा. म्हणजे आधी भाकरी, मग सुनावणी.

आणि म्हणून परिषदेच्या सकाळी परेशने प्रधानसाहेबांना दुपारऐवजी आठलाच उचललं. परेश हा धर्मराजांचा पुतण्या, त्याच्या टुरिस्ट गाड्या होत्या आणि काकांपुढे बोलायची सोय नव्हती. "सायेब, प्रोग्राम बदललाय," एवढं सांगून त्याने गाडी गावात आणली. इकडे धर्मराजांनी रेगेबाईंना घेतलं आणि "मॅडम, घरावरून जातोच हाय, दोन घास खाऊन जाऊ, उपाशीपोटी भाषन बरं नाय," म्हणत गाडी त्याच गल्लीत वळवली.

दोन गाड्या दोन बाजूंनी आल्या आणि ओटीसमोर नाकाला नाक लावून उभ्या राहिल्या. दारं उघडली. डॉ. रेगे उतरल्या, बुटक्या, पिकल्या केसांच्या, खांद्यावर लॅपटॉपची बॅग. डॉ. प्रधान उतरले, उंच, किंचित वाकलेले, त्यांच्याही खांद्यावर तशीच बॅग. दोघांनी एकमेकांना पाहिलं. दोघांनी एकदमच मागे वळून गाडीत बसायचा प्रयत्न केला, पण परेशने काकांच्या सांगण्यावरून दोन्ही गाड्यांना कुलूप घालून किल्ल्या खिशात टाकल्या होत्या.

"या, या," धर्मराज म्हणाले. "बसा. समिती जमलेली हाय."

"कसली समिती?" प्रधानांनी विचारलं.

"खा आदी," शांतीबाई म्हणाल्या आणि दोघांच्या हातात ताटं दिली. तांदळाची गरम भाकरी, सुकटीची चटणी आणि वर कच्चा कांदा. शिकल्यासवरल्या माणसांना रागावून निघून जाता येतं, पण हातात भरलेलं ताट असताना नाही. दोघं बसले, ओटीच्या दोन टोकांना, भिंतीकडे तोंड करून. पहिला घास गेला आणि प्रधानांनी नकळत डोळे मिटले. रेगेबाईंनी दुसरी भाकरी मागून घेतली. आता कायद्याने दोघं गावचे झाले होते.

तेवढ्यात निशाचा फोन आला. "बाबा, कुठे आहात?"

"कळंबोली सर्कलला," धर्मराज म्हणाले. "ट्राफिक हाय." कळंबोली सर्कलला ट्रॅफिक आहे हे वाक्य या भागात कधीच खोटं ठरत नाही, म्हणून निशाने विश्वास ठेवला.

सत्यवतीबाईंनी घसा खाकरून सुनावणी सुरू केली. "तंट्याचं मूळ काय?"

प्रधान भिंतीला म्हणाले, "यांना मोजता येत नाही."

"मोजता येत नाही?" रेगेबाई दुसऱ्या भिंतीला म्हणाल्या. "एकापासून मोजणाऱ्यांनी आम्हाला शिकवू नये!"

हळूहळू उलगडा झाला. दोघांनी मिळून एक मोठा प्रोग्रॅम लिहिला होता. अर्धा यांनी, अर्धा त्यांनी. रेगेबाई मोजणी शून्यापासून सुरू करायच्या, म्हणजे रांगेतला पहिला माणूस शून्य नंबरचा. प्रधान आपल्यासारखे एकापासून मोजायचे. दोन तुकडे जोडले आणि दिल्लीत भरसभेत प्रोग्रॅम चालवला, तर रांगेतला शेवटचा माणूस गायब. नेमके ते शेवटचे म्हणजे मुख्य पाहुणे निघाले. पडद्यावर सगळ्यांची माहिती आली, त्यांची नाही. तिथे जे वाजलं ते आजतागायत.

समिती गंभीर झाली. सभेत मुख्य पाहुण्याचं नाव राहणं ही काय चीज आहे, हे समितीला सांगावं लागत नव्हतं. गावात यावरून दोन गणेश मंडळं फुटली होती.

"पयल्या मानसाला शून्य म्हनायचं?" रामूशेटांनी विचारलं. "त्याला काय वाटंल?"

"तेच तर मी म्हणतोय!" प्रधान म्हणाले.

"तुमी अर्जदार, तुमाला मत देता येत नाय," सत्यवतीबाईंनी रामूशेटांना गप्प केलं.

"आमच्यात रेती मोजताना पयल्या घमेल्याला एक नाय म्हनत, लाभ म्हनतात," रामूशेट गप्प न होता म्हणाले. "लाभ, दोन, तीन. दोगांनी लाभ म्हना, कटकट मिटंल."

"नाव बदलून काय होणार? मोजणी तीच!" हे मात्र दोन्ही भिंतींकडून एकदम आलं. धर्मराजांनी ते कान देऊन ऐकलं, पण निकाल त्यांचा आधीच ठरला होता. गावदेवीच्या पालखीचा मान दोन घराण्यांत पन्नास वर्षं भांडणाचा होता, तो त्यांच्या वडिलांनी ज्या रीतीने सोडवला, तीच रीत. ते उभे राहिले, सदरा ठीक केला आणि म्हणाले,

"समितीचा निकाल असा हाय. पाळी लावायची. एक वरीस जगातले समदे कम्प्युटर शून्यापासून मोजतील. दुसरं वरीस एकापासून. गुडीपाडव्याला बदल करायचा. यंदाचा मान बाईंचा."

दोघांची तोंडं भिंतींकडून एकदमच वळली. धर्मराजांना वाटलं, निकाल पोचला.

"पाळी?" डॉ. रेगे उठून उभ्या राहिल्या. "सगळ्या जगातले प्रोग्रॅम? दरवर्षी?"

"अहो, विमानं पडतील!" डॉ. प्रधानही उठले.

"बँका बुडतील!"

"आणि पाडव्याच्या आदल्या रात्री चालू केलेला हिशेब दुसऱ्या दिवशी संपला तर?"

"बरोबर! तो कुठून मोजायचा? आशालता, सांग यांना!"

"तू सांग, दिनानाथ, मला तर शब्दच सुचत नाहीत!"

आणि त्या दोघांनी मिळून समितीला फैलावर घेतलं. पंधरा-सोळा वर्षांत इतका अडाणी प्रस्ताव ऐकला नव्हता, यावर दोघांचं संपूर्ण एकमत झालं. प्रधानांनी भाकऱ्या मांडून दाखवल्या. रेगेबाईंनी त्यांच्या मांडणीतली चूक काढून कांद्याच्या फोडींनी दुरुस्त केली. प्रधान म्हणाले, हे मात्र तुझं बरोबर. धर्मराजांनी मध्ये दोनदा "ऐका तर" म्हणून पाहिलं, पण त्यांना कोणी विचारेना. स्वतःच्या ओटीवर, स्वतःच्या समितीसमोर, इस्त्रीच्या सदऱ्यात त्यांचा असा पाणउतारा कधीच झाला नव्हता. निकाल फेटाळला गेला होता आणि तोही दोन्ही पक्षांकडून. त्यांना इतकं लागलं की तंटा मिटलाय हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. ते शांतीबाईंनी सांगितलं. "अवो, एका ताटातली चटनी खातायत बगा," त्या म्हणाल्या. "मी म्हनलं नव्हतं, लग्नच असनार."

पुन्हा फोन वाजला. आता निशाचा आवाज रडवेला होता. "बाबा, सव्वादहा झाले. मॅनेजमेंटची माणसं घड्याळ बघतायत. कुठे आहात?"

सुनावणीच्या नादात पोरीची परिषद धर्मराजांच्या डोक्यातून पार उतरली होती. त्यांनी दोन्ही विद्वानांना एकाच गाडीत कोंबलं. वेगळे बसायला ते तयारच नव्हते, कारण वाद रंगात आला होता. गाडी निघाली आणि कळंबोली सर्कलला खरंच ट्रॅफिक लागलं. धर्मराज खाली उतरून, हात पसरून, ट्रकवाल्यांना दादा-बाबा करत वाट काढू लागले. गाडीत बसलेल्या दोघांनी तेवढ्यात तो सर्कल कसा मोजावा यावर चर्चा सुरू केली. या वाटेवर धर्मराजांनी गावदेवीला बोललेले नवस फेडता फेडता पुढची दोन वर्षं गेली.

कॉलेजात मात्र आपल्याकडच्या चालीने लाज राखली होती. दीपप्रज्वलनाच्या समया वाऱ्याने तीनदा विझल्या, स्वागतगीत झालं, संस्थेच्या सर्व माजी अध्यक्षांचे सत्कार झाले आणि हयात नसलेल्यांच्या फोटोंचेही झाले. प्राचार्य प्रास्ताविकाचं प्रास्ताविक करत होते. फाटकापाशी उभ्या निशाने गाडीतून डॉ. रेगे उतरताना पाहिल्या आणि तिच्या जिवात जीव आला. मागोमाग त्याच दारातून डॉ. प्रधान उतरले आणि तो जीव परत गेला.

"बाबा!" एवढंच ती म्हणाली. धर्मराजांना वाटलं, धरणी दुभंगावी. बांधावरून कोयते उगारलेल्यांपुढे ते उभे राहिले होते, पण पोरीच्या डोळ्यांतलं पाणी त्यांना बघवेना.

पण पाहुण्यांना यातलं काही दिसलंच नाही. "पाळी लावतात म्हणे!" म्हणत प्रधान पुढे झाले, "गुढीपाडव्याला!" म्हणत रेगेबाई मागोमाग, आणि दोघं वाद घालत थेट व्यासपीठावर चढले. पत्रिकेत सकाळचं भाषण एकट्या रेगेबाईंचं होतं. त्यांनी एक माईक घेतला, दुसरा प्रधानांनी घेतला. मग जे झालं ते त्या सभागृहाने पूर्वी पाहिलं नव्हतं. दोघांनी दिल्लीची फजिती सांगितली, भांडण सांगितलं, आज सकाळची समितीही सांगितली. एक म्हणायचा, दुसरा खोडायचा, पोरं टाळ्या वाजवायची. पायथनवाली मुलं एका बाजूला, आरवाली एका बाजूला, आणि आजवर यातलं काहीही न येणारी सर्वात मोठ्याने. बाकीच्या वर्गांतली मुलं येऊन पायऱ्यांवर बसली. मॅनेजमेंटच्या माणसांनी घड्याळं बघायचं सोडून दिलं.

अडचण एवढीच झाली की त्या भरात दोघांची दोन्ही भाषणं जेवणापूर्वीच संपली. जेवण झाल्यावर दोघं कॅन्टीनच्या कोपऱ्यात कागदी रुमालांवर तो जुना प्रोग्रॅम पुन्हा लिहायला बसले आणि उठेनात. निशाने विनवलं. प्राचार्यांनी विनवलं. "आता नाही," रेगेबाई म्हणाल्या, "शेवटचा माणूस सापडतोय!" आणि वर सभागृहात गच्च भरलेले लोक दुपारच्या बीजभाषणाची वाट पाहत होते.

निशा कॅन्टीनमधून बाहेर आली. जिन्यापाशी धर्मराज एकटेच उभे होते, शाळेतून वर्गाबाहेर काढल्यासारखे.

"चला," ती म्हणाली. "तुम्ही केलंत, तुम्हीच निस्तरा. दुपारचं बीजभाषण तुमचं."

"माजं? अगो, मला त्यातलं काय येतंय?"

"त्या दोघांच्या बाबतीत पंधरा वर्षांत जे कोणाला जमलं नाही ते तुम्हाला जमलं. तेवढंच सांगा." तिचे डोळे अजून ओले होते, पण ती हसत होती.

धर्मराज माईकसमोर उभे राहिले आणि त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. गावात त्यांनी शेकडो सभा गाजवल्या होत्या, पण तिथे सगळे ओळखीचे, निदान भांडणापुरते तरी. "मला कम्प्युटर येत नाय," ते म्हणाले. "मला तंटा येतो." सभागृह हसलं आणि त्यांना धीर आला. मग गाडी सुटली. बांध, नळ, बँजो, कोंबडा, सगळं आलं. "आज माजा निकाल दोनी पार्ट्यांनी फेकून दिला," त्यांनी सांगितलं. "मला लई लागलं. पन आता कलतंय, निकाल कदी कदी इतका वाईट द्यावा की दोगं मिलून आपल्याला शिव्या घालतील. मी मुद्दामच तसा दिला."

"मुद्दाम नव्हता!" मागून रामूशेट ओरडले. समिती दुसऱ्या गाडीने आली होती.

टाळ्या थांबेनात. प्रश्नोत्तरं सुरू झाली तेव्हा पहिलाच विद्यार्थी म्हणाला, "सर, माझा प्रोजेक्ट पार्टनर काहीच काम करत नाही." धर्मराजांनी पार्टनरला उभं केलं, कारण एकतर्फी ऐकायची समितीची पद्धत नव्हती. तो तंटा मिटला. मग दोन प्राध्यापकांचा मिटला, प्रयोगशाळेच्या पंख्यावरून होता. रांग लागली. सत्यवतीबाई रांगेत उभ्या राहून अर्ज आहेत का विचारू लागल्या.

शेवटी खुद्द प्राचार्य माईकपाशी आले. समोर पहिल्या ओळीत मॅनेजमेंट बसलं होतं, आणि अशी संधी पुन्हा येणार नाही हे प्राचार्यांनी ओळखलं होतं. "माझाही एक तंटा आहे, घरतसाहेब," ते म्हणाले. "आमच्या नव्या विभागाला प्रमुख हवा. संस्थाचालक म्हणतात, बाहेरून मोठा माणूस आणू. मी म्हणतो, ही परिषद जिने उभी केली ती आपल्याच कॉलेजात आहे. तुम्ही निकाल द्या. तुमचा शब्द आम्हा दोघांनाही मान्य राहील. काय, अध्यक्षमहाराज?"

पहिल्या ओळीतले संस्थेचे अध्यक्ष मोठ्याने हसले आणि म्हणाले, "मान्य!"

निशा पडद्याच्या कडेला उभी होती. एक शब्द, आणि पोरीची वर्षभराची मेहनत सार्थकी लागणार होती. धर्मराजांनी निशाकडे पाहिलं.

"नाय सायेब," ते म्हणाले. "हा तंटा माज्याकडं नको. मी तिचा बाप हाय. ती चुकली असती तरी मी तिच्याच बाजूनं निकाल दिला असता. मला तिचा लई अभिमान हाय, आनि असल्या मानसानं न्यायाला बसू नये. दुसरा कोन तरी बगा."

आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते निकाल न देता, चालू माईक सोडून, व्यासपीठावरून खाली उतरले. अध्यक्ष उठून उभे राहिले होते. ते निशाकडे वळले आणि म्हणाले, "मॅडम, उद्या सकाळी ऑफिसात या. विभागाला खोल्या कोणत्या हव्यात ते ठरवू."